साहेबांचं मन आणि वेचणीची वाट

धुळ्यात थंडी आधी नाकाला कळते. कार्तिक निम्मा सरला की देवपुरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणी ना कुणी अंगणात पऱ्हाट्या पेटवतं. पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. त्या जाळावर भरिताची हिरवी वांगी टाकली की साल तडतडते, रस गळून चुरचुरतो आणि धूर असा पसरतो की ज्याच्या घरी त्या दिवशी नुसता वरणभात आहे, त्याला आपण कुणाचं काय घोडं मारलं असं वाटावं. मला हा धूर फार आवडतो. पण त्या धुरात दरवर्षी मला एक साहेब आठवतो, आणि तो आठवला की वांगं सोलता सोलता मी त्याचीही साल काढते. इतकी वर्षं काढते आहे, अजून सगळी निघालेली नाही.

यंदा त्याची आठवण जावयाने काढून दिली. लेक-जावई पुण्याहून खास भरीत खायला आले होते. जावई गुणी आहे, पण हल्ली गोल्फ खेळतो. पहिल्याच घासाला म्हणाला, "आई, हा खेळ हातांचा नाहीच मुळी. सगळा मनाचा आहे."

त्याने म्हणे एक गुरू धरला आहे. हा गुरू गोल्फ शिकवत नाही, नुसतं मन शिकवतो, आणि तेही फोनवरून. चेंडूपाशी उभं राहिलं की श्वास कसा घ्यायचा, डोळे मिटून चेंडू खड्ड्यात पडलेला कसा पाहायचा, 'चुकेल' हा शब्द मनात येऊसुद्धा कसा द्यायचा नाही, हे सगळं त्याने मला भाकरी मोडता मोडता समजावलं.

"आणि चेंडू?" मी विचारलं.

"चेंडू मग जातो आपोआप."

"मग तुमच्याकडे भाकरीसुद्धा आपोआप थापली जात असेल, जावईबापू," मी म्हणाले आणि त्याच्या ताटात मिरचीसकट भरिताचा एक डाव वाढला. लेकीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

जावयावर माझा राग नाही. तो बिचारा स्वतःच्या वेळात स्वतःचं मन घेऊन खेळतो, कुणाच्या वाटेत येत नाही. पण हे प्रवचन मी एकदा ऐकलेलं आहे, भर कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, आणि एका माणसाच्या मनःशांतीपायी किती बायांच्या पायांचे तुकडे पडले तेही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे 'मन शांत ठेवा' असं कुणी म्हणालं की माझंच मन आधी पेटतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. धुळ्यापासून तासाभराच्या वाटेवर एका नदीवर धरण झालं होतं आणि त्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. आमचे हे तिथे कनिष्ठ अभियंता. धरण बांधून संपलेलं, यंत्रं दुसरीकडे गेलेली, कालव्याचं काम अडकलेलं. निम्मी घरं रिकामी, त्यांच्या अंगणात गाजरगवत. साहेबलोकांना सकाळी फाइल उघडायची आणि संध्याकाळी तीच मिटायची, एवढंच काम उरलं होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. आमच्याकडे रिकामे अभियंते होते, त्यांनी जमिनीला भोकं पाडली.

हे ज्यांच्या डोक्यातून निघालं ते आमचे सर्वांत वरचे साहेब. पुण्याचे, उंच, गोरे, केस असे चापून बसवलेले की वाऱ्यालाही परवानगी काढावी लागेल. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी महिनाभर प्रशिक्षणाला गेले आणि येताना काठ्यांची एक पिशवी आणि एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. प्रशिक्षण कशाचं होतं ते कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुस्तक मात्र गोल्फमध्ये मन कसं लावावं याचं होतं. काठ्या कशा धराव्यात याचं पुस्तक त्यांनी आणलं नव्हतं, आणि ते त्यांच्या खेळात पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

मैदानही काय, धरणाची खडी जिथे रचून ठेवलेली असायची ती मोकळी जागा. गवताचं पातं नाही. कुसळं, बोरीची झुडपं आणि खाली भगभगीत मुरूम. वर्कशॉपमधलं जळकं तेल वाळूत कालवून त्यांनी सहा ठिकाणी गोल, काळ्या, सपाट जागा करून घेतल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक खड्डा. साहेब त्या काळ्या तेलकट वाळूला हिरवळ म्हणत. वसाहतीतले सगळे मग तिला हिरवळ म्हणू लागले. धुण्याला टाकलेल्या ह्यांच्या पांढऱ्या विजारींचे गुडघे त्या हिरवळीने इतके काळे व्हायचे की अंगाचा साबण अन् कपड्याचा साबण एकत्र करूनही निघायचे नाहीत.

खेळायला चार माणसं लागायची, म्हणून हुकूम निघाला. रोज सकाळी साडेसहाला उपअभियंता, लेखाधिकारी आणि आमचे हे हजर. खेळाआधी साहेब पुस्तकातला एक उतारा वाचून मराठीत सांगत. मग चौघे डोळे मिटून उभे. 'मी शांत आहे' असं मनातल्या मनात म्हणायचं. हे घरीही सराव करायचे. अंगणात हातात छत्री उलटी धरून, समोर लिंबू ठेवून, डोळे मिटून पुटपुटत राहायचे, "मी शांत आहे, मी शांत आहे." एकदा मी आत न्हाणीत असताना चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, दूध उतू गेलं. करपल्याचा वास साऱ्या घरात. मी धावत आले तर हे खिडकीपलीकडे तसेच शांत.

"दूध गेलं ना सगळं!" मी ओरडले.

"साहेब म्हणतात, बाहेरच्या गोष्टींकडे लक्ष गेलं तर ती आपली हार असते," हे म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना कोरा चहा दिला आणि तेही शांतपणे प्यायले.

मेमसाहेबांनी मग बायकांसाठीही तसलंच काहीसं सुरू केलं. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या बंगल्यावर सतरंजी, मधोमध उदबत्ती आणि 'पोळी लाटताना मन पोळीवर कसं ठेवावं' यावर त्यांचं बोलणं. त्यांच्याकडे पोळ्या लाटायला बाई होती. ती दाराआड उभी राहून हे सगळं ऐकायची आणि पदर तोंडाला लावायची.

पण खरा मनाचा खेळ काय असतो तो मला ह्यांच्यामुळे कळला. आमचं सासर अमळनेरकडचं. लहानपणी ह्यांनी विटीदांडू असा खेळलेला की विटी गावाबाहेर जायची. एके सकाळी ह्यांच्या हातून एक टोला असा बसला की चेंडू साहेबांच्या चेंडूच्या कितीतरी पुढे जाऊन पडला. साहेबांनी आपली काठी पुसली. मग म्हणाले, "योगायोग आहे. तुमचं मन नव्हतं त्यात." हे घरी आले ते उतरलेल्या तोंडाने. दुसऱ्या दिवसापासून चुकवायला शिकले. बरोबर मारणाऱ्या हाताला चुकायला लावायचं, ते चुकणं खरं वाटेल असं चुकायचं, वर स्वतःवर चिडल्यासारखं दाखवायचं. तिघेही तेच करत आणि साहेब रोज जिंकत. याला मात्र खरंच मन लागतं. साहेबांच्या पुस्तकात याच्यावर एक प्रकरण असायला हवं होतं.

आता वाटेविषयी सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

त्या मैदानातून एक पायवाट जायची. वसाहत व्हायच्या, धरण व्हायच्या आधीपासूनची. अलीकडे गाव, पलीकडे कापसाची शेतं, आणि मधून ही वाट, बैलांच्या खुरांनी आणि बायांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. चौथ्या खड्ड्याच्या अगदी अंगावरून ती जायची. थंडीच्या दिवसांत झुंजुमुंजू झालं की गावातल्या बायांची टोळी वेचणीला निघायची. डोक्यावर फडक्यात बांधलेला भाकरीचा डबा, कमरेला वेचलेला कापूस टाकायच्या ओटीचं धोतर गुंडाळलेलं, अंगावर नवऱ्याचे जुने सदरे. त्यांच्या पुढे जिजाअक्का. टोळी तिची. कुणाच्या शेतात किती बाया द्यायच्या, कोण आजारी, कुणाचं पोर रांगायला लागलंय, सगळं तिच्या डोक्यात. पन्नाशीची, काटक, एका गुडघ्याने अधू, तरी सर्वांच्या पुढे.

मी माहेरची पारोळ्याकडची, माझ्या आईची भाषा अहिराणी. वसाहतीत आम्ही बायका शुद्ध बोलायचो, म्हणजे पुण्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचो. पण जिजाअक्का कुंपणापाशी थांबली की माझी जीभ आपसूक मोकळी व्हायची. पहिल्यांदा साहेबांना खेळताना पाहिलं त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"ताई वं, हाऊ बुवा काय करी ऱ्हायना?"

"खेळी ऱ्हायना, अक्का."

"इतला मोठा मानूस, आनि काडीवरी बिळमा अंडं ढकली ऱ्हायना?"

मागच्या बाया खुदकन हसल्या. नेमके त्याच वेळी साहेब चेंडू मारत होते. चेंडू गेला बोरीत. झालं. त्या दिवसापासून साहेबांच्या प्रत्येक चुकीला कारण मिळालं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगणातून बायाच जात होत्या. बांगड्या वाजतात, डबे वाजतात, बोलणं थांबत नाही, हसतात. साहेब म्हणत, "माझा खेळ उत्तम आहे, एकाग्रता भंग पावते." एक चेंडू बाया जाऊन बराच वेळ झाल्यावर चुकला, तेव्हा म्हणाले की त्यांचा आवाज कानात राहिला होता.

आधी साहेबांनी प्रेमाने घ्यायचं ठरवलं. पुस्तकात म्हणे लिहिलं होतं की विरोध करू नका, आपलंसं करा. म्हणून चौथ्या खड्ड्यापाशी गाववाल्यांच्याच बोलीत एक पाटी लावायचं ठरलं. मजकूर त्यांनी पुणेरी मराठीत सांगितला, 'इथे सर्व काही मन आहे', आणि वर्कशॉपमध्ये गाड्यांवर नंबर रंगवणाऱ्या माणसाला म्हणाले, "तुमच्या भाषेत कर." तो माणूस शिरपूरकडचा. त्याने मनापासून केलं. पिवळ्या पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

'आठे बठ्ठं मनं शे.'

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. मन ते मनच, पण त्यावर टिंब दिलं की आमच्याकडे 'मनं' म्हणजे 'माझं'. पाटी म्हणत होती, इथलं सगळं माझं आहे.

मी दुपारी पाहिली आणि तिथेच पदरात तोंड खुपसलं. संध्याकाळी परतीच्या वाटेवर गावातल्या शाळेत शिकलेल्या एका नानांनी सगळ्यांना ती मोठ्याने वाचून दाखवली.

"आठे बठ्ठं मनं शे."

"कोनं शे?" कुणीतरी चिडून विचारलं. साहेबांनी चक्क जमिनीवर हक्क सांगितला, असंच सर्वांना वाटलं.

नाना शांतपणे म्हणाले, "मनं शे. जो वाचस, त्येनं शे. तू वाची देख."

त्यानेही अक्षरं लावून वाचलं, "आठे बठ्ठं मनं शे."

"देख, आते तुनं व्हयनं," नाना म्हणाले.

मग काय विचारता! येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पाटीपाशी थांबायचा, छाती काढून मोठ्याने वाचायचा आणि मालक होऊन पुढे जायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बायांनी पाठ करून टाकलं. सकाळी टोळी चौथ्या खड्ड्यापाशी आली की एका सुरात, "आठे बठ्ठं मनं शे!" साहेबांना गहिवरून यायचं. ह्यांना म्हणाले, "पाहिलंत? विचार रुजतोय." ह्यांनी मान डोलावली. घरी येऊन मला म्हणाले, "तू कुणाजवळ बोलू नकोस." मी कशाला बोलते? वसाहतीतल्या शिपायापासून सर्वांना कळलं होतं, फक्त साहेबांना सांगायची कुणाची छाती नव्हती. इतक्या माणसांनी इतके दिवस मिळून एक हसू दाबून धरलं, ही त्या वसाहतीत घडलेली एकमेव सहकारी चळवळ.

शेवटी लेखाधिकाऱ्यांच्या तोंडून ते निसटलंच. साहेबांचा चेहरा तांबडा झाला, पुस्तक काही उपयोगी पडलं नाही. पाटी त्याच दिवशी उपटली गेली. आणि दोन दिवसांत मैदानाला काटेरी तार, वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. खेळ संपेपर्यंत, म्हणजे ऊन चांगलं वर येईपर्यंत, ते उघडायचं नाही असा हुकूम.

ऊन वर येईपर्यंत थांबणं वेचणीच्या बाईला परवडत नाही. कापूस दहिवर असताना वेचायचा. ऊन चढलं की बोंडाखालचा पाला वाळून कडक होतो, हात लागला की त्याचा चुरा होतो आणि तो चुरा कापसाला असा बसतो की मालक दारातच उभा राहून शिव्या देतो. म्हणून वेळेत पोचायचं तर बायांना कालव्याच्या पुलावरून वळसा आला. चांगला कोसभर, काट्याकुट्यातला, दगडगोट्यांचा, अंधारात निघून. जिजाअक्काचा गुडघा चौथ्या-पाचव्या दिवशी भोपळ्याएवढा झाला. टोळी तिच्यामुळे मागे राहू लागली. पलीकडच्या शेताचा मालक तसा वाईट नव्हता, पण त्याने स्पष्ट सांगून टाकलं, "अक्का, येळवर या, नहीतर मी दुसरा गावनी टोळी लावसू."

म्हणजे हंगाम जाणार. एका टोळीच्या हातातून वेचणी गेली की ती परत येत नाही, त्या शेतावर दुसऱ्या गावचा हक्क बसतो. एवढ्या सगळ्या घरांची थंडीतली चूल त्या वाटेवर होती.

अक्का आमच्या परसदाराच्या पायरीवर बसली होती. मी एरंडाची पानं गरम करून तिच्या गुडघ्याला बांधत होते.

"ताई, साहेबनं मन हालस, म्हनीसन आम्ही कोसभर चालानं का वं?"

मी पानांवरची गाठ आवळली. उत्तर आज देता येतं. हो अक्का, तसंच असतं. ज्याला मन सांभाळायला फुरसत आहे, त्याचं मन जपायचं काम दुसऱ्यांच्या पायांवर पडतं. मनःशांतीचे एवढे गुरू झाले, एवढी शिबिरं झाली, पण त्या शांततेसाठी बाहेर गप्प कुणी बसायचं, हे कुणी सांगत नाही.

आणि मन म्हणजे काय ते मी वेचणीत पाहिलं आहे. मी माहेरी असताना वेचलेलं आहे. बोंडाची टोकं बाभळीच्या काट्यासारखी, नखांच्या कडेने बोटं फुटतात. अशा हातांनी बाया दिवसभर वेचतात आणि दिवसभर बोलतात. सासूचा उद्धार, पोराचा ताप, कुणाची लेक कुठे दिली, मध्येच एखादं गाणं, मध्येच भांडण, मध्येच एखादी उगाच रडून घेते. 'मी शांत आहे' असं कुणीही म्हणत नाही, कारण कुणीही शांत नसते. मन जिथे दुखत असेल तिथे असतं आणि हात झाडावर असतात. साहेबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, हा योगायोग आहे.

जावयालाही मी हे सांगत होते. तो म्हणाला, "आई, पण आवाजाचा त्रास होतोच ना खरंच. मोठे मोठे खेळाडूसुद्धा प्रेक्षकांना गप्प बसायला सांगतात."

"होतो की," मी म्हटलं. "मन चिंती ते वैरी न चिंती. ऐका तर पुढे."

तर मुंबईहून साहेबांचे साहेब आले. जाड, म्हातारे, निवृत्तीला टेकलेले. त्यांना कालवा पाहायचा होता की नाही देव जाणे, आदल्या संध्याकाळी भरीत मात्र त्यांनी तीनदा मागून घेतलं होतं. सकाळी आमच्या साहेबांनी त्यांना मैदानावर नेलं. धुकं होतं, बोरीच्या पानांवर दहिवर चमकत होतं. आणि फाटकाबाहेर बायांची टोळी उभी होती. त्या दिवशी अक्काचा पाय उचलतच नव्हता, पुलावरून जाणं शक्य नव्हतं. तिने ठरवलं होतं, आज फाटकाशीच उभं राहायचं, मग जे होईल ते होवो.

मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "ह्या बाया का उभ्या आहेत इथे?"

साहेबांनी सगळं समजावलं. एकाग्रता, श्वास, पुस्तक, आवाज, व्यत्यय. मुंबईचे साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आवाज झाला नाही, तर तुमचा चेंडू जातो?"

"हमखास, सर."

"मग आज त्यांना आतून जाऊ द्या. आवाज केला, तर तुमचं फाटक कायमचं बंद. नाही केला, तर कायमचं उघडं."

साहेब खूश झाले. एवढ्या बाया आणि आवाज नाही, हे त्यांच्या मते सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकी होतं. बायांना अट नीट कळावी म्हणून ह्यांनी मला घरातून हाक मारली. पिठाचे हात तसेच पदराला पुसत मी फाटकाशी गेले आणि अक्काला सगळं सांगितलं.

"आवाज करानं नही, बस इतलंच?" अक्काने विचारलं.

"इतलंच, अक्का. पन एक बांगडी जरी वाजनी ना..."

ती मागे वळली. बोलली काहीच नाही, नुसतं बघितलं सर्वांकडे. बायांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून घट्ट बसवल्या. वहाणा काढून हातात घेतल्या. भाकरीचे डबे पोटाशी धरले. एका लेकुरवाळीने पोराला पदराखाली घेतलं. मी डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून पाहत राहिले.

एव्हाना साहेबांचा चेंडू चौथ्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर आला होता. हातभर! फुंकर मारली तरी जावा. टोळी त्या काळ्या वाळूच्या कडेपर्यंत आली. अक्काने हात वर केला आणि सगळ्या तिथेच थांबल्या. साहेब खेळत असताना पुढून जाणं बरं नाही म्हणून असेल. ओळीने उभ्या राहून सगळ्या साहेबांकडे पाहू लागल्या.

मी त्या वसाहतीत इतकी वर्षं काढली, पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही. नदीतलं पाणीसुद्धा वाहायचं थांबलं की काय असं वाटलं. साहेबांनी डोळे मिटले. श्वास घेतला. डोळे उघडले, आणि बायांकडे पाहिलं. काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. पुन्हा डोळे मिटले. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा उभे राहिले. कुणी खोकलंसुद्धा नाही. पदराखालचं पोरदेखील चुपचाप.

आणि साहेब एकदम वळले आणि बायांवर ओरडले, "अहो, बोला ना काहीतरी!"

अक्का म्हणाली, "काय बोलू साहेब? तुम्हीनच सांगेल शे ना, बोलानं नही." मग अगदी समजुतीच्या सुरात, "टाका ना साहेब. आम्हले कामले जानं शे."

साहेबांनी चेंडू मारला. तो खड्ड्याच्या बाजूने गेला, काळी वाळू ओलांडून मुरमात गेला आणि एका बाईच्या पायाशी थांबला. तिने पाय मागे घेतला. मुंबईच्या साहेबांना खूश करायला आमच्या साहेबांनी मुद्दाम चुकवला, असं पुढे काहीजण म्हणाले. मुद्दाम चुकवणाऱ्या माणसाचा चेहरा मी घरात रोज पाहत होते. तो असा नसतो.

मुंबईचे साहेब ह्यांना म्हणाले, "फाटक काढून टाका." बाया चालू लागल्या. चौथ्या खड्ड्याच्या कडेने, जुन्या वाटेने, वहाणा हातातच. अक्का लंगडत पुढे. साहेब काठी धरून उभे, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे न बघता उभे. टोळी मैदान ओलांडून गेली, बोरीपलीकडे गेली, बांध चढून कापसात उतरली, तोवर आवाज नाही. पहिल्या ओळीला पोचल्यावर मात्र त्या हसल्या. सगळ्या एकदम, पोटं धरून, बसून, पुन्हा उठून हसल्या, आणि ते वसाहतीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू आलं.